बाईंच्या बारा कॅसेट

फोन आला तेव्हा विजयकुमार दुबईत, रास अल खोरच्या गोदामात ट्रक रिकामा करून घेत होता. २००१चा मार्च.

“साहेब, मी झुबेर. नॉर्वेहून बोलतोय. बाई गेल्या.”

“कुठं गेली?” त्यानं विचारलं.

पलीकडे झुबेर रडायला लागला, तेव्हा कळलं. शर्यत चालू असताना, बर्फावरच, मेंदूत रक्तस्राव. दुःख नंतर आलं. आधी मनात आलं ते असं, की शेवटच्या घटकेलाही आपली बायको, प्रमिला, याच्याचजवळ होती.

प्रमिला दुबईत अपंगांच्या एका केंद्रात खेळ शिकवायची. तरुणपणी गुलमर्गला बर्फावर स्की करायला शिकलेली. झुबेर रत्नागिरीकडचा, जन्मापासून आंधळा, एका ऑफिसात टेलिफोन ऑपरेटर, केंद्रात तिच्याकडे शिकायला यायचा. ९४ साली केंद्रात आलेल्या एका नॉर्वेच्या पाहुणीनं चाकं लावलेल्या स्कीचे दोन जोड दिले आणि प्रमिलाला वेडच लागलं. अल कुसैसच्या मागच्या रिकाम्या डांबरी रस्त्यावर दर शुक्रवारी पहाटे ती पुढे, कमरेला छोटा स्पीकर, आणि झुबेर तिच्या आवाजामागे. “चढ आला. जोर लाव. आता डावं वळण, हळू. शाब्बास.” मार्च आला की दोघं आठवडाभर नॉर्वेला, अंधांच्या शर्यतीला.

शेजारच्या स्मिताबाई चिडवायच्या, “काय भावोजी, प्रमिलाताई गेल्या का वाळवंटात बर्फ हुडकायला?” विजयकुमारही हसायचा.

गुरुवारी संध्याकाळी मात्र त्याला हसू येत नसे. दुसऱ्या दिवशी ऑफिसला सुट्टी, निवांत गप्पा मारायची वेळ, आणि प्रमिला मौन धरून बसायची. गाईडचा घसा बसला तर मागच्यानं जायचं कुठं? मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करायची आणि चिठ्ठी लिहायची, ‘कुकर लावा.’

“अगं, दोन शब्द बोल की. नवरा आहे मी तुझा.”

‘उद्या दहानंतर.’

दहानंतर ती यायची तेव्हा आवाज पार बसलेला असायचा. सात वर्षं असंच चाललं.

सगळे विधी आटोपल्यावर त्याच्या ध्यानात आलं की घरात तिचे फोटो ढीगभर आहेत, पण आवाज कुठंच नाही. आवाज होता तो झुबेरकडे. पहिल्या वर्षी शर्यतीच्या आधी प्रमिला टेपरेकॉर्डर घेऊन सगळा मार्ग फिरली होती आणि तिनं एकेक वळण बोलून ठेवलं होतं. सगळा मार्ग मिळून बारा कॅसेट झाल्या; दर वर्षी जाण्याआधी झुबेर त्या पुन्हा पाठ करायचा.

तो अल कुसैसला गेला. झुबेरच्या आईनं, मरियमबीनं दार उघडलं. “बसा साहेब. पोरगा जेवत नाही हो धड.”

“शेवटी काय म्हणाली ती?” विजयकुमारनं बसता बसताच झुबेरला विचारलं.

“‘उतार’ म्हणाल्या. मी वाकलो. उतार संपला, तरी पुढचा शब्द येईना. मग मी थांबलो.”

विजयकुमारला वाटलं होतं, निदान आपलं नाव असेल.

“कॅसेट दे मला,” तो म्हणाला.

झुबेर उठून कपाटाशी गेला. मग कपाटातून बारा कॅसेट काढून त्यानं मांडीवर घेतल्या. “घ्या साहेब. तुमचा हक्क आहे. पण कॉपी करून परत द्या. मार्ग दर वर्षी तोच असतो. पुढच्या मार्चला मी जाणार. नवा गाईड तिथला आहे, त्याची भाषा मला नीट कळत नाही. वळणं याच्यातूनच पाठ करणार.”

“आठवड्यात देतो.”

त्यानं बाराही कॅसेट ऐकल्या. चढ, उतार, झाडं, पूल. मधेच तिचा खोकला. आणि जागोजागी, “शाब्बास झुबेर. असाच ये.” झुबेर सोबत नसतानाही ती त्याला शाब्बासकी देत होती. विजयकुमारचं नाव एकदाही नाही. सातव्या कॅसेटवर ती हसली आणि म्हणाली, “झुबेर, इथं पोचलास की तू जिंकलास बघ.” एवढ्या प्रेमानं ती आपल्याशी शेवटची कधी बोलली होती, त्याला आठवेना. त्यानं कॅसेट मागे घेतली, रेकॉर्डचं बटण दाबलं आणि नुसता बसून राहिला. बटण सोडलं तेव्हा ते वाक्य पुसलं गेलं होतं, आणि त्याच्या पुढचंही. पुढे एक वळण होतं. डावं की उजवं, त्याला आठवत नव्हतं.

डिसेंबरात झुबेरचा फोन आला. “झाल्या का कॉपी, साहेब? पाठ करायला वेळ लागतो मला.”

“मशीन बिघडलंय रे. या शुक्रवारी नक्की.”

“इन्शाल्ला. तुमच्यावर भरवसा आहे साहेब, घाई नाही.”

आता फेब्रुवारी संपत आला. झुबेरचं तिकीट आठ मार्चचं आहे. कॅसेट परत करायच्या राहिल्या आहेत, आणि सातव्या कॅसेटवर एक वळण नाही, हे त्याला सांगायचंही राहिलं आहे.