देवीदासचं लायसन

रामाकोन्याच्या पलीकडच्या एका गावात सरकारी दवाखाना होता आणि दवाखान्याची एक जीप होती. ती देवीदास चालवायचा. अडलेली बाळंतीण असो की साप चावलेला मजूर, सौसरच्या मोठ्या दवाखान्यात पोचवावं ते देवीदासनंच. त्याच्या गाडीत जन्मलेली पोरं आता पाटी घेऊन शाळेत जात होती.

शहाऐंशीच्या उन्हाळ्यात त्याच्या लायसनची मुदत संपली. त्याला ठाऊक होतं, पण तो गप्प राहिला. पुढं छिंदवाड्याहून सगळ्या सरकारी ड्रायव्हरांचे कागद मागवले, तेव्हा डॉक्टरीण मालतीबाईंनी त्याला बोलावलं.

"देवीदास, मुदत संपून किती दिवस झाले. बोलला का नाहीत?"

"राहून गेलं, बाई."

"बरं, डोळे तपासून सर्टिफिकेट देते. उद्या छिंदवाड्याला जा आणि नवं करून आणा."

राहून गेलं नव्हतं. वर्षभरापासून देवीदासच्या नजरेला काहीतरी होत होतं. समोरचा रस्ता लख्ख दिसे, पण दोन्ही कडा गायब झालेल्या. सायकलवाला, गाय, बैलगाडी एकदम कुठूनतरी पुढ्यात उभी राही. मग तो सारखी मान फिरवत गाडी हाकायला शिकला. गावातले हसायचे, "देवीदास आजकाल कोंबड्यावानी मान हालवते."

त्याची बायको मनकर्णा हसत नव्हती. तिनं केव्हाच ओळखलं होतं. चहाची कपबशी ती आता नवऱ्याच्या अगदी समोर ठेवायची. एकदाच म्हणाली होती, "बाईले सांगून टाका नं."

"सांगतलं तं मंग मी कोन राहिलो?" तो म्हणाला, आणि तिनं तो विषय पुन्हा काढला नाही.

तपासणीला तो भिंतीवरच्या तक्त्यासमोर बसला. एक डोळा झाकून, मग दुसरा झाकून, खालच्या ओळीपर्यंत त्यानं सगळी अक्षरं वाचली. मालतीबाई खूश झाल्या. कागदावर सही केली आणि त्याच्या बाजूला उभ्या राहून तो पुढं केला.

देवीदास तक्त्याकडं बघत बसून राहिला.

"घ्या ना," बाई म्हणाल्या.

तो दचकला. मान वळवली तेव्हा कुठं त्याला कागद धरलेला हात दिसला.

बाईंनी कागद मागं घेतला. त्याला सरळ बघायला सांगून त्या आपलं बोट कानाकडून हळूहळू पुढं आणत गेल्या. "दिसलं की सांगा." बोट जवळपास नाकासमोर आलं तेव्हा तो "हो" म्हणाला. बाई खुर्चीत बसल्या. गेल्याच आठवड्यात एका पेशंटला घेऊन त्या त्याच्या शेजारी बसून सौसरला गेल्या होत्या.

"एक गाडी ठोकली का मी, बाई? एक मानूस पाडला?" त्याचा आवाज चढला नव्हता.

"नाही पाडला."

"मंग?"

बाईंनी कागद फाडला.

नागपूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा, म्हणाले. डोळ्यात टाकायचं औषध दिलं. देवीदासला दवाखान्याच्या दारावर चिठ्ठ्या वाटायचं काम मिळालं. जीप चिंचेखाली उभी राहिली. पांढुर्ण्याहून दुसरा ड्रायव्हर येणार होता. आज येते, उद्या येते करत पावसाळा सरत आला, पण तो काही आला नाही.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी सुखदेव आपल्या बायकोला, मंगलाला, खाटेवर घालून घेऊन आला. पहिलटकरीण, आणि अंगावरून जाणारं रक्त थांबत नव्हतं. अर्धं गाव गोटमार, नदीकाठची दगडफेकीची जत्रा, पाहायला पांढुर्ण्याला गेलेलं. पाटलाचा ट्रॅक्टर तिकडंच, दुपारची बसही आलेली नव्हती.

मालतीबाई बाहेर आल्या. हात कोपरापर्यंत लाल. देवीदाससमोर त्या थांबल्या.

"देवीदास... निघेल का गाडी?"

त्यानं किल्ली घेतली. मंगलाला मागं निजवलं, बाई तिच्याजवळ बसल्या. इंजिन एका झटक्यात सुरू झालं. किती दिवसांनी हाताखाली स्टिअरिंग आलं, पण त्याला काहीच वाटलं नाही. त्यानं मान डावीकडं फिरवली, उजवीकडं फिरवली, आणि गाडी फाटकाकडं घेतली.

"थांबवा!" बाई ओरडल्या.

ब्रेक लागला. चाकापासून हातभर अंतरावर सुखदेव उभा होता, कपड्यांचं गाठोडं छातीशी धरून. गाडीत चढायला तो बाजूनं धावत आला होता.

देवीदासनं इंजिन बंद केलं. हात मांडीवर ठेवले.

"बाई, मले दिसत नाही," तो म्हणाला. हे त्यानं आजवर कुणाजवळही कबूल केलं नव्हतं.

मग बैलगाडी जुंपली. बैलांच्या शिंगांवरचा पोळ्याचा रंग अजून ताजा होता. मोठ्या रस्त्याला लागून एखादा ट्रक थांबवायचा, असं ठरलं. ट्रक भेटलाही. पण सौसर यायच्या आधीच मंगला गेली. तिच्या पोटातलं लेकरूही गेलं.

त्यानंतर आठवड्यानं पांढुर्ण्याचा ड्रायव्हर हजर झाला. मालतीबाई देवीदासशी कामापुरतं बोलायच्या. रागावलेल्या नव्हत्या. त्याच्याकडं बघणं त्यांना जड जात होतं, आणि त्यालाही त्यांच्याकडं.

दिवाळीनंतर सुखदेव ताप घेऊन दवाखान्यात आला. बाकं रिकामी असूनही तो देवीदासच्या स्टुलाजवळ जमिनीवर बसला.

"दादा, एक विचारू?"

"विचार."

"त्या दिवशी मी मधात नसतो आलो, तं पोचलो असतो का आपन?"

देवीदासनं हातातल्या चिठ्ठ्या नीट लावल्या. पुढच्या वळणावर नाल्याचा पूल होता, त्याला कठडे नव्हते. हे त्यानं रोज मनात घोळवलं होतं. आणि एवढी वर्षं तोच पूल त्यानं कितीदा ओलांडला होता, हेही.

"मले नाही सांगता येत, सुखदेव."

सुखदेवनं मान हलवली. नाव पुकारलं तसा उठून तो आत गेला. औषधाची पुडी घेऊन परत निघाला, तेव्हा "येतो, दादा" म्हणाला आणि उन्हातून पायी घराकडं चालू लागला.