जपून ठेवलेले हातमोजे

मित्रांनो, मी रबरी हातमोज्यांचा एक जुना जोड आहे. जुना तो नुसता वयाने. कामाला आलो तो एकदाच.

मूर्तिजापूरच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये मी १९५८ साली आलो. कामगारांच्या जखमा बांधणारा धर्मपाल नुकताच काविळीने गेला होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी मॅनेजर केशवरावांना बजावलं, "दुसऱ्याचं रक्त हाताच्या चिरेतून आत गेलं असावं. पुढच्या माणसाला मोजे द्या." म्हणून मला आणलं. पुढचा माणूस नत्थुजी. कामाने त्याची बोटं कायम उललेली. वाटलं, हे हात आता मीच सांभाळायचे.

कसलं काय. केशवरावांनी मला कपाटात घातलं, कुलूप लावलं आणि चावी जानव्याला बांधली. वर्षातून एकदा तपासणीचे साहेब आले की पावडर लावून मला बाहेर काढत. "अगदी नवेकोरे आहेत," साहेब म्हणत. मीही फुगायचो, मूर्ख कुठला.

नत्थुजी विचारायचा, "मॅनेजरसाहेब, मले कावून नाई देत मोजे?"

"रोज घातले तर फाटतील ते. मोठं काही झालं की देईन."

१९६३च्या हंगामात मोठं झालं. पुंजाराम नावाच्या कामगाराचा हात यंत्रात गेला, रक्ताची धार लागली. नत्थुजी धावत आला. "चाबी द्या, लवकर." केशवरावांनी कुलूप उघडलं. पाच वर्षांनी मी त्या उललेल्या बोटांवर चढलो आणि तटातट फाटलो. वऱ्हाडचे पाच उन्हाळे बंद कपाटात काढून माझं रबर कधीच कुजलं होतं. फार लाज वाटली हो मला.

"जे होईन ते होईन," म्हणत नत्थुजीने मला काढून फेकलं आणि उघड्या हातांनी जखम दाबून धरली. पुंजाराम वाचला.

डॉक्टर म्हणाले, कावीळ व्हायचीच असेल तर दोन-चार महिन्यांत कळेल. तेव्हापासून नवा जोड खुंटीवर उघडा टांगलेला असतो आणि केशवराव रोज सकाळी नत्थुजीला खिडकीपाशी बोलावून त्याचे डोळे बघतात. मी फाटका, खिडकीतच पडून असतो. जीव नुसता टांगणीला लागलाय.

मित्रांनो, दुसऱ्याचं रक्त पुसणाऱ्याला मोजे आधी द्या. फाटू द्या, झिजू द्या, नवे आणा.

आज एकसष्टावा दिवस. कामाचा भोंगा केव्हाच झाला. केशवराव दोनदा फाटकापर्यंत जाऊन आले. नत्थुजी अजून आलेला नाही.