लाल रंगाचे चिमटे

माझ्या नातीचं, नेत्राचं, बारसं झालं त्या वर्षीचा दसरा. म्हणजे २०१४ साल. नंदकिशोर साहेबांच्या गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि मी आत वाकलो होतो. बॅटरी पार उतरली होती. चावी फिरवली की नुसतं टक् टक्.

वर्सोव्याच्या त्या गल्लीत सोसायटीच्या भिंतीला लागून माझी वायरिंगची टपरी होती. भिंत त्यांची, टपरी त्यांच्या मर्जीवर. साहेबांना म्हाताऱ्या वडिलांना घेऊन बहिणीकडे डोंबिवलीला जायचं होतं. म्हातारे नवं धोतर नेसून खुर्चीवर बसले होते. दसऱ्याचा दिवस, सगळी गल्ली खाली आलेली.

मी रामचंद्राला हाक मारली. तो वर्सोव्याचा कोळी. त्याचा मासळीचा टेम्पो गेटशेजारी उभा असे आणि त्याच्या सावलीत त्याची बायको सखुबाई वाटे मांडून बसे. नवरात्रात मासळीला गिऱ्हाईक नसतं, म्हणून टेम्पो रिकामाच होता. झेंडूची माळ घातलेला टेम्पो त्यानं गाडीला नाक लावून उभा केला.

टेम्पोच्या बॅटरीतून गाडीला करंट द्यायच्या माझ्या केबली घरी केलेल्या, वेल्डिंगच्या जाड वायरीच्या. दोन्ही काळ्या. एका वायरीच्या दोन्ही टोकांचे चिमटे मी लाल रंगवले होते, ती प्लसची. मला अक्षर येत नव्हतं, माझं सगळं काम खुणेवर. पण खंडेनवमीच्या पूजेसाठी मी आदल्या दिवशी हत्यारं घासूनपुसून रंगवली. पाने, पक्कड, हातोडा. डब्यात रंग उरला होता, तो सगळ्या चिमट्यांना लावला. छान दिसत होतं. चारही चिमटे लाल.

हे माझ्या लक्षात आलं तेव्हा टेम्पोकडचे दोन चिमटे लावून झाले होते. वायर हातानं ओढत टोकापर्यंत पाहिली असती तर प्लसची कुठली ते अर्ध्या मिनिटात कळलं असतं. तेवढ्यात साहेबांच्या पत्नी, क्षमाताई, गाडीचं पुस्तक घेऊन आल्या.

"काका, यात दिलंय सगळं. वाचून दाखवू का?"

त्यांनी चांगल्या मनानं विचारलं होतं. मला ते बरोबर दुखऱ्या जागी लागलं.

"ताई, गाडी पुस्तकानं नाही चालू होत, हातानं होते," मी म्हणालो. लोक हसले. त्या हसण्याच्या भरात मी हाताला आला तो चिमटा प्लसवर लावला आणि दुसरा मायनसवर दाबला.

मोठी ठिणगी उडाली. मग जळक्या प्लास्टिकचा वास आणि धूर. मी चिमटे ओढून काढले, पण गाडीचा कंप्युटर गेला होता.

साहेबांनी काय झालं विचारलं. माझी नजर टपरीकडे गेली.

"रामचंद्रानं रेस जास्त दिली," मी म्हणालो. "टेम्पोचा करंट गाडीवर आला."

रामचंद्र खाली उतरला होता. त्यानं जमिनीवर पडलेल्या केबलींकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तोही गाड्यांच्या कामातलाच माणूस, त्याला सगळं समजलं.

"असंल," तो म्हणाला. "माजाच टेम्पो बिघडलाय. जाव दे."

म्हातारे धोतर सावरत परत वर गेले. संध्याकाळी मी टपरी बंद करायला आलो, तर केबली गुंडाळून खिळ्याला टांगलेल्या होत्या. त्यातल्या एका वायरीच्या दोन्ही चिमट्यांवरचा रंग पात्यानं खरवडून काढला होता. उघडं लोखंड चमकत होतं.

पुढच्या आठवड्यात कमिटीनं टेम्पो गल्लीत आणायला बंदी केली. मासळीच्या वासाची तक्रार होतीच, आता निमित्त मिळालं. रामचंद्र नाक्यापलीकडे नाल्याजवळ टेम्पो लावू लागला. सखुबाईचा गुडघा दुखरा. ती पाटी डोक्यावर घेऊन तिथून चालत येई आणि दारोदार फिरे. येताजाता माझ्या टपरीवर द्रौपदीसाठी, माझ्या बायकोसाठी, चार बोंबील कागदात ठेवून जाई, पूर्वीसारखेच. द्रौपदी ते तळायची. मी पोट बिघडल्याचं सांगायचो.

पुढच्या दसऱ्याला सखुबाई पाटी टेकवून म्हणाली, "गुणाजीभाव, औंदा कुठला रंग काढलाव?"

ती हसली, आणि बोंबील ठेवून गेली.

रामचंद्र भेटला की हात वर करायचा. मीही करायचो. सात वर्षं आम्ही हात वर करत होतो.

लॉकडाऊनमध्ये नेत्राची शाळा घरात आली. ती पाटीवर गिरवायची, मी शेजारी बसायचो. "आजोबा, तुमचा क पडलाय," असं म्हणून ती माझा हात धरायची. पासष्टाव्या वर्षी मी लिहायला शिकलो. पहिली चिठ्ठी साहेबांना लिहिली. 'गाडी माझ्या हातानं जळाली. रामचंद्राची चूक नव्हती.' ती महिनोन् महिने माझ्या सदऱ्याच्या खिशात राहिली. सदरा धुवायला टाकताना काढायची, परत ठेवायची. घडीवर फाटली तेव्हा दुसरी लिहिली.

शेवटी एका रविवारी सकाळी जिना चढलो. साहेबांनी चष्मा लावून चिठ्ठी वाचली, उलटून मागची बाजू पाहिली.

"कोण रामचंद्र?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं. टेम्पोवाला, सखुबाईचा नवरा. ते म्हणाले, "अहो, ती गाडी विकूनसुद्धा किती वर्षं झाली." त्यांनी मला चहा विचारला. मी नको म्हणालो आणि उतरलो.

तो रविवार २० फेब्रुवारीचा. रामचंद्र त्याआधी आठ दिवस, शनिवारी, १२ फेब्रुवारी २०२२ ला सकाळी वारला होता.