आठव्या फवाऱ्याची पाळी

मित्रांनो, मी एक जुना पितळी फवारा आहे. आता माझी मान आखडते, तेव्हा जरा जवळ येऊन ऐका. हिरवळीवर गोल फिरत पाणी उडवणं हे माझं काम. पाण्याची धार माझ्या पितळी हातावर आपटते, स्प्रिंग तो हात मागे आणते आणि दर टकटकीला मी थोडासा वळतो. म्हणजे मार खाल्ल्याशिवाय मी पुढे सरकत नाही. असं आयुष्य काढलं की माणूस काय, फवाराही दमतो.

वितळलेलं पितळ साच्यात ओतून मला घडवलं. एका कारागिरानं कानशीनं माझ्या कडा घासल्या, माझ्यात फुंकर मारली आणि म्हणाला, "वाजतोय छान!" तेच माझं बारसं. माझी पहिली नोकरी खेळाच्या मोठ्या मैदानावर होती. तिथे उंच टाकीतून पाणी असं जोरात यायचं की मला थांबायला सवड नसे. मुलं माझ्या तुषारांखालून किंचाळत धावायची. माळी म्हणायचा, "हा एकटा चौघांचं काम ओढतो." ते ऐकून मी फुगायचो. पुढे त्या मैदानावर इमारत उभी राहिली आणि मी भंगाराच्या दुकानात जाऊन पडलो. कोळ्यानं माझ्या तोंडात संसार थाटला. तिथून मला भाऊंनी उचललं.

भाऊ आपली बायको आणि थोरली बहीण यांच्याबरोबर राहत. या बहिणीला सगळे ताई म्हणत. त्या घरात दाब होता तो फक्त ताईंचा. पाण्याला अजिबात नव्हता. म्हणून घराचा एक नियम होता. अंघोळीला जाणाऱ्यानं मोठ्यानं ओरडायचं, "मी बसलो!" की लगेच भांड्यांवरचा नळ बंद, कपड्यांवरचा नळ बंद. नाहीतर डोक्याला साबण लावलेला माणूस तसाच ताटकळायचा.

त्या वर्षी ताईंचा पाय मोडला. हाड जुळलं, पण पायावरचा भरवसा गेला. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, "रोज हिरवळीवर अनवाणी चाला. गवत मऊ हवं, म्हणजे पडलात तरी लागणार नाही. अंगणाच्या टोकाच्या त्या भिंतीपर्यंत एकट्यानं जाऊन आलात की माझं येणं बंद." पण हिरवळ कुठली? नुसतं पिवळं गवत होतं. मग भाऊंनी कॅलेंडरच्या पाठीवर नकाशा काढला, एकाच नळीवर आठ फवारे बसवले आणि आठवा, अगदी भिंतीजवळचा, मी.

नळ सोडला तेव्हा शेजारपाजार बघायला आला होता. मित्रांनो, काय सांगू! पहिल्या फवाऱ्यानं थोडी पिचकारी मारली, मधल्यांनी लाळ गाळली आणि माझ्यापर्यंत आली ती फक्त हवा. मी शिंकलो. शेजारी हसले. भाऊ रागानं म्हणाले, "हा जुनाटच बिघडलाय!" मग त्यांनी माझ्या तोंडात टाचणी खुपसली, माझी मान पान्यानं पिळली आणि स्प्रिंग बदलली. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! पाणीच नाही तर मी काय घाम उडवू?

माझ्याजवळची माती वाळून दगड झाली. एका सकाळी ताई काठी टेकत माझ्याकडे निघाल्या. काठी टणक मातीवरून सटकली आणि त्या गुडघ्यावर पडल्या. भाऊ धावत आले. ताई रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मला आत ने. आता खोलीतच बरी." पुढे बरेच दिवस ताई नुसत्या खिडकीत दिसायच्या. मला फार वाईट वाटायचं. मी पोचण्याची जागा होतो आणि माझ्यापाशीच त्या पडल्या होत्या.

मग एक दिवस घरातून आरडाओरडा ऐकू आला. कमरेला टॉवेल आणि डोक्यावर फेस अशा थाटात भाऊ व्हरांड्यात आले. "अगं, 'मी बसलो' म्हणून ओरडलो होतो ना!"

"मला ऐकूच नाही आलं हो," त्यांची बायको म्हणाली. "मी बागेला पाणी सोडलं."

खिडकीतून ताई म्हणाल्या, "भाऊ, आपल्याकडे दोन नळ एकदम चालत नाहीत, म्हणून आपण जन्मभर ओरडतोय. मग या आठ जणांना एकदम अंघोळीला कशाला बसवतोस? त्यांनाही पाळी लाव की!"

भाऊ तसेच उभे राहिले. फेस कानावरून ओघळत होता. "अरेच्चा!" ते म्हणाले. डोकं धुवायचं राहिलं आणि ते बादली घेऊन बागेत आले. नळाला बादली किती वेळात भरते ते त्यांनी पाहिलं. मग कोणता फवारा किती पाणी पितो तेही पाहिलं. छोटे फवारे दोघं-दोघं चालतील असं ठरलं. माझं तोंड मोठं, खाणं जास्त, म्हणून मी शेवटी एकटा. प्रत्येक पाळीला वेगळी तोटी बसली.

माझी पाळी आली आणि कितीतरी काळानं माझा हात हलला. टक. मग पुन्हा टक. मैदानावरचा जोर काही परत आला नाही. मी पूर्वीच्या निम्म्या अंतरापर्यंतच पाणी टाकत होतो, तेही कण्हत. पण हळूहळू भिंतीजवळ हिरवे कोंब आले आणि ताई पुन्हा बाहेर येऊ लागल्या, काठीनं चार पावलं टाकून परत फिरू लागल्या.

शेवटी एका सकाळी त्यांनी काठी खुर्चीला टेकवून ठेवली. माझी पाळी चालू होती, पण स्वयंपाकघरात कुणीतरी नळ सोडल्यामुळे मी नुसता ठिबकत होतो. ताई अनवाणी, एकट्या, थेट माझ्यापर्यंत आल्या. भिंतीला धरून सावकाश खाली वाकल्या आणि गवतावर टेकल्या. पाय मोडल्यापासून त्या जमिनीवर बसल्याच नव्हत्या. आनंदानं त्या ओरडल्या, "मी बसले!"

झालं! सवयीनं घरातले सगळे नळ फटाफट बंद झाले. सगळं पाणी माझ्याकडे धावलं. मी टकटकटक फिरलो आणि ताईंना नखशिखान्त भिजवलं.

भाऊ पळत आले. "ताई, अगं उठ!"

"उठते कशाला? इतक्या दिवसांनी बसलेय," ताई हसत म्हणाल्या. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ते माझ्या पाण्यात कुणाला दिसलं नाही.

मित्रांनो, मी आता फार थकलोय. ज्यावर मी फिरतो तो आस झिजलाय, उद्या माझ्या जागी प्लॅस्टिकचा हलका फवारा येईल. त्याचं मला काही नाही. फक्त एवढं करा. कुणी फिरत नसेल, तर त्याची मान पिळण्याआधी त्याच्यापर्यंत पाणी पोचतंय का ते बघा. आणि हो, तुमच्या घरात कुणी नळ सोडला असेल तर तो बंद करा. इथे ताई बसल्यात.