धाकटीला देणार नाही

दुसऱ्या वेळीही गर्भ नळीतच राहिला, तेव्हा पुष्पावतीला बेलापूरहून उसाच्या ट्रकात निजवून नगरला न्यावं लागलं. पहिल्या खेपेला डावी नळी फुटली होती, ती काढून टाकलेली. या खेपेला डॉक्टरांनी उजवी कशीबशी वाचवली. घरी सोडताना त्यांनी तिला आणि तिच्या नवऱ्याला, गोरक्षनाथला, समोर बसवलं.

"दिवस राहू शकतात. पण पुन्हा नळीतच राहण्याची भीती मोठी आहे. घाई करू नका. आणि पाळी चुकली की दुखायची वाट न बघता इथं या."

घरी हे सांगितल्यावर यातली भीती तेवढी सासूने, छबूबाईने, ऐकली. पुष्पावती अजून वाकून चालत होती, तोवर तिच्या माहेरी निरोप गेलाही.

आई आली. बरोबर धाकटी बहीण बनू, नववीतली. पुष्पावतीला वाटलं, आपल्याला बघायला आल्या. चहा झाल्यावर आईनेच विषय काढला.

"पुष्पे, बनूला हितंच देऊ. परकी सवत येन्यापरीस पाठची भन बरी. तुजंबी घर ऱ्हाईल."

बनूने मान वर केली नाही. तिला वाटेतच सांगितलं असावं.

पुष्पावती पोट धरून उभी राहिली. "आये, साळंतून काढून हिला माज्या अंथरुनात घालनार व्हय?"

"हळू बोल," छबूबाई म्हणाली. "वंशाचा इचार नको?"

"माजं पोट दोनदा फाडलं. मी जगले, त्याचं कुनालाच काई न्हाई. मला लेकरू पायजे, तुमच्यापरीस लई पायजे. पन कवा, ते मी ठरवीन. न्हाई झालं तर न्हाई. बनूला देनार न्हाई!"

मग ती दारात उभ्या गोरक्षनाथकडे वळली. "तुमी का गप? डागदर तुमच्याम्होरंच बोलला ना?"

तो घुटमळला. "डागदर व्हईल म्हनलाय. दुसरं लगीन कशाला?"

"आन न्हाई म्हनला असता तर?"

त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

"त्यो इचार आत्ताच करून ठिवा," ती म्हणाली, आणि बनूला घेऊन आत गेली.

दुसऱ्या दिवशी ती स्वतः एसटीपर्यंत चालत गेली. बनूला खिडकीशी बसवून आईला म्हणाली, "हिची साळा सुटली, तर मी तुज्या दारात येऊन बसंन."

अंगात पुरती ताकद आल्यावर, त्या साली पडलेला दुष्काळ सरता सरता, तिनेच नवऱ्याला 'आता' म्हटलं. वाट पाहिली. दिवस राहिले नाहीत. छबूबाईने पुन्हा दुसऱ्या लग्नाचं काढलं. या वेळी पुष्पावतीला बोलावं लागलं नाही. "आये, त्यो इषय माज्या घरात नको," म्हणून गोरक्षनाथ जेवता जेवता उठला.

त्याच महिन्यात शेजारच्या लंकाबाईची सातव्या महिन्याची ओटी भरायची होती. पुष्पावतीला बोलावणं नव्हतं. ती इरकल नेसून, नारळ घेऊन गेली. लंकाबाईच्या सासूने हात आडवा धरला.

"सरा," पुष्पावती म्हणाली.

लंकाबाईने सासूकडे पाहिलं, आणि पदर पुढे पसरला.