मधोमध शिवलेली दोरी

मी एक जुनी दोरी आहे, आणि माझ्या मधोमध निळ्या दोऱ्याची वाकडीतिकडी शिवण आहे. हसू नका, मित्रांनो. ही शिवण मी मिरवते.

कारखान्यात सुताला पीळ बसला, दोन टोकांना लाकडी मुठी लागल्या आणि मी उड्या मारायची दोरी झाले. रसायनशास्त्र शिकवणाऱ्या बाईंनी मला आपल्या लेकीसाठी घरी आणलं. काय उड्या मारायची ती पोर! फरशीवर आपटून आपटून माझी पाठ सोलून निघायची. एका मुठीवर तिने खिळ्याने कोरलं होतं, 'आईची लाडकी'. मग ती मोठी झाली, शिकायला दूर गेली आणि तिकडेच रमली. मी खुंटीवर धूळ खात राहिले. बाई येता-जाता माझ्या मुठीवरून हात फिरवायच्या, तेवढंच सुख.

एका संध्याकाळी त्या माझ्यापाशी येऊन बसल्या. एकट्या माणसाला बोलायला दोरीसुद्धा चालते हो! त्या सांगू लागल्या. त्यांच्या वर्गात एक मुलगी होती, सतत विचारते म्हणून सगळे तिला शंकासूर म्हणत. त्या दिवशी बाईंनी फळ्यावर पी ऑर्बिटल, म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन जिथे सापडू शकतो त्या जागेचा आकार, काढला होता, दोन फुगे तोंडाला तोंड लावून ठेवावेत तसं. फुग्यांच्या मधल्या पातळीवर इलेक्ट्रॉन सापडण्याची शक्यता शून्य, आणि तिलाच नोड म्हणतात, असं त्यांनी सांगितलं. शंकासूर उठली. "बाई, मध्ये तो असूच शकत नाही, तर इकडून तिकडे जातो कसा?"

"उडी मारून!" कुणीतरी ओरडलं. वर्ग खो-खो हसला. ती जी खाली बसली, ती पुन्हा तोंड उघडेना.

"तिचं विचारणंच थांबलं, तर मी शिकवून उपयोग काय गं?" बाई मला म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात गेले. बाईंनी माझी एक मूठ खिडकीच्या गजाला बांधली, मधोमध लाल फीत बांधली आणि दुसरी मूठ शंकासुराच्या हातात दिली. आधी मी नुसतीच वेडीवाकडी नाचले. मग तिच्या हाताला लय सापडली. माझे दोन फुगवटे झाले, एक वर तेव्हा दुसरा खाली. फीत मात्र जागची हलेना.

"वर आणि खाली यांच्या मध्ये शून्य येणारच," बाई म्हणाल्या. "हा नोड. इलेक्ट्रॉनही असाच लाटेसारखा वागतो."

पोरगी फितीकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "इथे काहीच हलत नाही, तर इथे कापलं तरी काय बिघडेल?"

पुन्हा खसखस पिकली. बाईंनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि खणातून कात्री काढली. "काप."

अहो बाई, लेकीची दोरी ना मी!

कच्! तिने हात हलवला. तिच्याकडचा तुकडा नुसता फडफडला आणि खिडकीकडचा मेल्यासारखा लोंबत राहिला.

"अगं बाई!" ती ओरडली. "म्हणजे तो इकडून तिकडे जातच नाही! दोन्हीकडे मिळून एकच लाट आहे!"

"हो गं बाळा. एकाच फुग्यात बसला असता, तर जायचा प्रश्न. नोडवर लाट शून्य असते, तुटलेली नसते."

तुकडे गोळा करताना तिला मुठीवरची अक्षरं दिसली. तिचा चेहराच पडला. "बाई, ही तुमच्या..."

"असू दे. तू विचारलंस ना, त्यातच सगळं आलं."

तिने मला घरी नेऊन शिवलं. टाके बघाल तर देवा रे देवा! पण मी पुन्हा दोन फुगवट्यांनी नाचते, आणि ती आता इतकं विचारते, की तास संपल्याची घंटाही कुणाला ऐकू येत नाही.

मला कापलं त्या रात्री बाईंनी लेकीला फोन केला, हे त्यांनीच मला मागाहून सांगितलं. "वर्गातल्या एका पोरीला नोड समजावताना तुझी दोरी कापली गं आज," त्या भीत भीत म्हणाल्या. पलीकडून मग हसू ऐकू आलं. "कळला का मग तिला नोड?"

मित्रांनो, मला गुंडाळताना शिवणीपाशी दुमडू नका. आणि कुणी वेडगळ प्रश्न विचारला, तर हसण्याआधी मला एकदा हलवून बघा.