रारेशच्या पेन्सिली

रोदिकाने डायनोसॉरची चित्रं मुलांपुढे एकेक करून सरकवली आणि रंगीत खडूंचा डबा मधोमध उपडा केला. हिरव्या खडूवर एकदम चार हात पडले आणि खडूचे दोन तुकडे झाले.

"डायनोसॉर हिरवाच असतो!" एकजण ओरडला.

"तू गेला होतास वाटतं बघायला?" रोदिका म्हणाली. "आपल्याला सापडली ती हाडं. हाडांवरून रंग कळत नाही. ज्याला जो आवडेल तो द्या."

हात्सेगच्या खोऱ्यातल्या या गावात ओढ्याकाठी डायनोसॉरची हाडं निघायची, म्हणून एका जुन्या घरात लहानसं संग्रहालय केलं होतं. शनिवारी रोदिका तिथे मुलांना शिकवायची. हिवाळ्यात साध्या तापाचं निमित्त होऊन तिचा आठ वर्षांचा मुलगा गेला. त्यानंतर ती आज पहिल्यांदाच आली होती. तो गेल्याच्या चाळिसाव्या दिवशी नवऱ्याने, त्राइयानने, मुलाचे कपडे, बूट, सायकल, सगळं त्याच्या नावाने गावातल्या मुलांना देऊन टाकलं. तशी रीतच होती. रंगीत पेन्सिलींची पेटी मात्र रोदिकाने पर्समध्ये दडवली ती दडवलीच. त्राइयानने मागितली तेव्हा ती त्याच्या अंगावर धावून गेली होती.

"मावशी, हे पिल्लू आहे?" मिरुनाने विचारलं. शेजारच्या फ्लोआरेची ही नात वयाने एवढीशी, पण भारी नेमस्त.

"पिल्लू नाही गं, पूर्ण वाढलेला आहे. तेव्हा इथे समुद्र होता आणि आपलं गाव बेटावर. बेटावर खायला थोडं, म्हणून इथले डायनोसॉर घोड्याएवढेच राहिले."

"आणि म्हातारे व्हायचे?"

"व्हायचे," म्हणत रोदिका खिडकीकडे वळली. ती मुकी जनावरंसुद्धा म्हातारी होऊन मेली, हे तिला सहन होईना.

मिरुनाच्या वाट्याला नुसता तपकिरी खडू आला होता. ती रडली नाही, पण ओठ काढून बसली. रोदिकाने बघून न बघितल्यासारखं केलं. मग तिची तिलाच लाज वाटली आणि तिने पर्स उघडली.

"घे. जपून वापर हं."

पेटीवर तिच्या मुलाचं, रारेशचं नाव होतं. मिरुनाने ती दोन्ही हातांनी घेतली. गेलेल्या माणसाची वस्तू मिळाली की आभार मानायचे नसतात, हे आजीने तिला शिकवलं होतं. ती उभी राहिली आणि म्हणाली, "देव त्याला क्षमा करो."

खोलीतला गलबला थांबला. अगं, नुसती वापरायला दिली, असं रोदिकाच्या ओठांवर आलं होतं. पण ते शब्द एकदा म्हटले की वस्तू पलीकडे पोचली. परत मागणं म्हणजे मुलाच्याच हातून काढून घेणं. हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

"मावशी, तुम्ही नाव नाही घेतलंत," मिरुना म्हणाली. "मग त्याला कशी मिळणार?"

दफनानंतर ते नाव रोदिकाच्या तोंडून निघालं नव्हतं.

"रारेशला," ती म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "माझ्या रारेशला."

मिरुनाने समाधानाने मान हलवली. पेटीतली बोथट झालेली पिवळी पेन्सिल उचलून तिने शार्पनरमध्ये घातली आणि फिरवायला लागली. रोदिका तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली आणि खाली पडणारी सालपटं ओंजळीत झेलत राहिली.